कोरा सोडलेला रकाना: २००८ मधील मॅकेन आणि नाराज रिपब्लिकन मतदार

ओहायोतील कोलंबस शहराजवळ राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ते १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अभियंता म्हणून अमेरिकेत आले, ग्रीन कार्डासाठी सात वर्षे थांबले आणि नागरिकत्व मिळाल्यावर २००४ साली त्यांनी पहिले मत जॉर्ज डब्ल्यू. बुश यांना दिले. कमी कर, मर्यादित सरकार आणि कायद्याच्या चौकटीतले स्थलांतर ही त्यांची मते तेव्हाही पक्की होती, आजही आहेत. २००८ साली रिपब्लिकन पक्षाने ॲरिझोनाचे सिनेटर जॉन मॅकेन यांना उमेदवारी दिली, तेव्हा त्यांचा हात धजावला नाही. राष्ट्राध्यक्षपदाचा रकाना त्यांनी कोरा सोडला आणि खालच्या सर्व पदांसाठी मात्र मत दिले. ते लिहितात, ‘माझे चुकले का? आणि पुन्हा असा मवाळ उमेदवार माझ्यापुढे आला तर मी काय करावे?’

निवडणुकीच्या काळात दारोदार जाऊन मतदारांशी बोलणे, मतदारांच्या याद्या राखणे आणि नव्या स्वयंसेवकांना हे काम शिकवणे, हे मी ओहायोत अनेक वर्षे केले आहे. २००८च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मला सर्वांत अवघड गेलेली दारे विरोधकांची नव्हती. ज्यांनी चार वर्षांपूर्वी स्वतःहून अंगणात बुश यांचा फलक लावला होता आणि आता जे दारातच उभे राहून ‘बघू या’ एवढेच म्हणत होते, त्यांची ती दारे होती. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मी केवळ अभ्यासातून देत नाही.

पत्र लिहिणाऱ्या या गृहस्थांना मी प्रथम हे स्पष्ट करतो की आपली नाराजी निराधार नव्हती. मॅकेन यांची एकूण कारकीर्द पाहिली तर त्यांना मवाळ म्हणणे काहीसे अतिशयोक्त वाटते. अमेरिकन कॉन्झर्व्हेटिव्ह युनियन या परंपरावादी संस्थेच्या मोजमापात त्यांचे तोवरच्या मतदानाचे गुण शंभरपैकी ८२च्या आसपास होते, गर्भपाताच्या प्रश्नावर त्यांनी सातत्याने परंपरावादी बाजूने मतदान केले होते आणि सरकारी उधळपट्टीविरुद्ध ते पक्षातील अनेकांपेक्षा अधिक कडक होते. मात्र उरलेले अठरा गुण नेमके कुठे गेले, हे मतदार पाहत होता. बुश यांच्या २००१च्या करकपातीच्या अंतिम विधेयकाविरुद्ध सिनेटमध्ये मत देणारे रिपब्लिकन दोनच होते, आणि त्यांतले एक मॅकेन होते. २००२चा निवडणूक-निधी सुधारणा कायदा त्यांच्या आणि डेमोक्रॅटिक सिनेटर रस फाइनगोल्ड यांच्या नावाने ओळखला गेला. त्या कायद्याने निवडणुकीपूर्वीच्या ६० दिवसांत आणि प्रायमरीपूर्वीच्या (म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानापूर्वीच्या) ३० दिवसांत उमेदवाराचे नाव घेणाऱ्या विशिष्ट दूरचित्रवाणी-जाहिरातींवर बंधन घातले, आणि त्याचा फटका गर्भपातविरोधी संघटनांनाही बसला. म्हणूनच विस्कॉन्सिनमधील अशा एका संघटनेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००७ साली तिच्या बाजूने निकाल लागला. ज्या चळवळीची मते मॅकेन यांना हवी होती, तिचे तोंड बंद करणारा कायदा त्यांच्याच नावाचा होता, ही गोष्ट त्या चळवळीतली माणसे विसरणे शक्य नव्हते.

याशिवाय २००० साली व्हर्जिनिया बीच येथील भाषणात त्यांनी पॅट रॉबर्टसन आणि जेरी फॉलवेल या ख्रिस्ती नेत्यांना असहिष्णुतेचे दूत म्हटले होते. २००६ साली ते फॉलवेल यांच्या विद्यापीठात पदवीदान समारंभाला गेले खरे, परंतु तोवर तो शब्द मतदारांच्या मनात घट्ट बसला होता.

आपल्यासारख्या मतदाराच्या बाबतीत मात्र खरी ठेच स्थलांतराच्या विधेयकाने लागली असावी, असा माझा अंदाज आहे. मॅकेन आणि डेमोक्रॅटिक सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी २००५ साली मांडलेला प्रस्ताव आणि २००७ साली सिनेटमध्ये ४६ विरुद्ध ५३ मतांनी अडलेले विधेयक, या दोहोंत कागदपत्रांशिवाय राहणाऱ्या लाखो लोकांना दंड आणि अटींसह कायदेशीर दर्जा देण्याचा मार्ग होता. त्या मार्गाच्या बाजूने मानवतेचे आणि व्यवहाराचे गंभीर युक्तिवाद होते आणि मी ते हलके मानत नाही. तरीही ज्याने सात वर्षे प्रत्येक अर्ज वेळेवर भरला, नोकरी बदलण्याची संधी ग्रीन कार्डापायी सोडली आणि आईच्या आजारपणात व्हिसाच्या भीतीने भारतात जाणे लांबणीवर टाकले, त्याला त्या विधेयकात आपल्या रांगेचा अपमान दिसला तर त्यात द्वेष नव्हता. ओहायोतल्या मराठी, गुजराती आणि तेलुगू घरांत मी ही तक्रार त्या वर्षी अनेकदा ऐकली. स्थलांतरित मतदार म्हणजे स्थलांतराच्या प्रत्येक विधेयकाचा समर्थक, असे गृहीत धरणाऱ्या प्रचारकांना हे कधीच कळले नाही.

एका बाबतीत मात्र नाराजांचा हिशेब चुकला होता, असे माझे मत आहे. २००५ साली दोन्ही पक्षांच्या सात-सात सिनेटरांनी न्यायाधीशांच्या नेमणुकांवरून जी तडजोड केली, तिच्यात मॅकेन होते आणि त्यासाठी त्यांना शत्रूशी हातमिळवणी केल्याचा दोष लावला गेला. पण त्या तडजोडीमुळेच अडकलेले अनेक परंपरावादी न्यायाधीश अपील न्यायालयांवर गेले आणि पुढे सर्वोच्च न्यायालयासाठी बुश यांनी निवडलेले सॅम्युअल अलिटो यांना अडवण्याचा प्रयत्नही टिकला नाही. ज्या कृतीबद्दल त्यांना शिव्या मिळाल्या, तिचे फळ शिव्या देणाऱ्यांनाच मिळाले.

आता, एवढी नाराजी असताना उमेदवारी मॅकेन यांनाच कशी मिळाली, हे समजल्याशिवाय आपल्या प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही. परंपरावादी मतदार संख्येने कमी नव्हते, ते विभागलेले होते. साउथ कॅरोलिनात १९ जानेवारीला मॅकेन यांना सुमारे ३३ टक्के मते मिळाली, माइक हकबी यांना ३० आणि फ्रेड थॉम्प्सन यांना १६. हकबी आणि थॉम्प्सन एकाच प्रकारच्या मतदाराकडे मते मागत होते. दहा दिवसांनी फ्लोरिडात मॅकेन यांनी मिट रॉम्नी यांना ३६ विरुद्ध ३१ टक्क्यांनी हरवले आणि पक्षाच्या तेथील नियमामुळे अधिवेशनात उमेदवार ठरवणारे राज्याचे सर्व प्रतिनिधी त्यांच्या पदरात पडले. डेमोक्रॅटिक पक्षात प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटले जातात, रिपब्लिकन पक्षाच्या अनेक राज्यांत त्या काळी जिंकणारा सारेच घेऊन जाई, आणि अशा नियमात तिघांत विभागलेला बहुमताचा गट एकसंध अल्पमताकडून हरतो. वेस्ट व्हर्जिनियाच्या मेळाव्यात तर पहिल्या फेरीत रॉम्नी पुढे असताना मॅकेन यांच्या माणसांनी आपली मते हकबी यांच्याकडे वळवून रॉम्नी यांना रोखले. ७ फेब्रुवारीला रॉम्नी यांनी परंपरावाद्यांच्या वार्षिक संमेलनात माघार जाहीर केली आणि त्याच दिवशी त्याच व्यासपीठावर मॅकेन यांनी स्थलांतराचा विषय काढताच सभागृहातून निषेधाचे आवाज उठले.

ओहायोची प्रायमरी ४ मार्चला होती. त्याच दिवशी मॅकेन यांनी आवश्यक प्रतिनिधींचा आकडा ओलांडला आणि हकबी बाहेर पडले. म्हणजे आपल्या राज्यातील रिपब्लिकन मतदाराला खऱ्या अर्थाने निवड करायला मिळालीच नाही. इतर राज्यांतल्या लोकांनी जेवण मांडून झाल्यावर आपल्याला पंगतीत बसवले, ही आपली भावना मला समजते. उमेदवार निवडण्याच्या या पद्धतीवर माझा स्वतःचाही गंभीर आक्षेप आहे, पण नियम बदलेपर्यंत मतदाराला त्याच नियमांत वागावे लागते.

मार्च ते सप्टेंबर हा काळ मात्र माझ्या मते या कथेचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, कारण याच महिन्यांत रुसवा आणि मनधरणी यांचा खेळ चालतो आणि रुसणाऱ्याच्या हाती खरे बळ असते. फोकस ऑन द फॅमिली या ख्रिस्ती संस्थेचे जेम्स डॉब्सन यांनी फेब्रुवारीतच सदसद्विवेकाला स्मरून आपण मॅकेन यांना मत देणार नाही, असे जाहीर केले होते. रश लिम्बॉ आपल्या रेडिओ कार्यक्रमात रोज त्यांच्यावर टीका करत होते. या दबावाचा परिणाम मोजता येण्यासारखा झाला. मॅकेन यांनी स्थलांतराच्या बाबतीत आधी सीमा सुरक्षित आणि मगच बाकीचे, अशी भूमिका घेतली. त्यांनी सर्वोच्च न्यायालयावर बुश यांनी नेमलेल्या रॉबर्ट्स आणि अलिटो यांच्या धाटणीचे न्यायाधीश नेमण्याचे वचन दिले. ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील सॅडलबॅक चर्चमध्ये बाळाचे मानवी हक्क केव्हा सुरू होतात, असे विचारताच त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता गर्भधारणेच्या क्षणापासून, असे उत्तर दिले. सेंट पॉल येथील पक्षाच्या अधिवेशनात मंजूर झालेला जाहीरनामा गर्भपात, भ्रूणांवरील संशोधन आणि स्थलांतर या तिन्ही बाबतींत खुद्द उमेदवारापेक्षा कठोर होता. आणि उपराष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांच्या मनात सिनेटर जो लीबरमन होते, जे गर्भपाताच्या हक्काचे समर्थक आणि २००० साली डेमोक्रॅटिक पक्षाचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते. अधिवेशनात प्रतिनिधी बंड करतील, असा इशारा सल्लागारांनी दिला आणि २९ ऑगस्टला आपल्याच राज्यातील डेटन येथे अलास्काच्या गव्हर्नर सारा पेलिन यांचे नाव जाहीर झाले. लीबरमन यांना न निवडल्याची खंत मॅकेन यांनी आयुष्याच्या अखेरीस बोलून दाखवली. पेलिन यांची निवड शहाणपणाची होती की नव्हती, हा वेगळा वाद आहे. माझा मुद्दा एवढाच की ती निवड नाराज मतदारांनी करायला लावली. त्यानंतर डॉब्सन यांनीही आपली भूमिका बदलली.

याचा अर्थ, आपण ज्या नाराजीमुळे नोव्हेंबरमध्ये रकाना कोरा सोडला, ती नाराजी तोवर आपले बरेचसे काम करून चुकली होती.

निकालाकडे पाहू. राष्ट्रीय पातळीवर बराक ओबामा यांना सुमारे ५३ टक्के आणि मॅकेन यांना सुमारे ४६ टक्के मते मिळाली. राज्यनिहाय मिळणारी आणि निकाल ठरवणारी निर्वाचक मते ३६५ विरुद्ध १७३ अशी पडली. ओहायोत ओबामा सुमारे २ लाख ६२ हजार मतांनी जिंकले, आणि मॅकेन यांना येथे चार वर्षांपूर्वीच्या बुश यांच्यापेक्षा सुमारे १ लाख ८० हजार मते कमी मिळाली. हा आकडा दाखवून परंपरावादी घरी बसले म्हणून हरलो, असे अनेक जण सांगतात. मतदानोत्तर पाहणीतून तसे सरळ चित्र निघत नाही. स्वतःला परंपरावादी म्हणवणाऱ्यांचे मतदारांतले प्रमाण २००४ आणि २००८ या दोन्ही वर्षी ३४ टक्केच राहिले. बदलले ते त्यांचे मत. २००४ साली त्यांच्यातील ८४ टक्के बुश यांच्यामागे होते, २००८ साली ७८ टक्के मॅकेन यांच्यामागे राहिले आणि सुमारे २० टक्के ओबामांकडे गेले. इराक युद्धाचा थकवा, बुश यांची ढासळलेली लोकप्रियता आणि १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स कोसळल्यानंतर आलेली आर्थिक भीती, या तिन्ही गोष्टी कोणत्याही रिपब्लिकन उमेदवाराला भारी पडल्या असत्या. त्यामुळे ओहायो आपल्यामुळे गेले, हा भार आपण मनावर घेऊ नये.

इतर काही राज्यांत मात्र गणित वेगळे होते. नॉर्थ कॅरोलिना ओबामांनी सुमारे १४ हजार मतांनी जिंकले. तेथे लिबर्टेरियन पक्षाचे बॉब बार, जे पूर्वी रिपब्लिकन खासदार होते, त्यांना २५ हजारांहून अधिक मते पडली. मिझुरीत याउलट मॅकेन चार हजारांहूनही कमी मतांनी वाचले. अशा ठिकाणी कोरा रकाना किंवा तिसऱ्या पक्षाचे मत हा केवळ विवेकाचा विषय राहत नाही.

आपल्या प्रश्नातील दुसरा भाग, पुढे काय करावे, याचे उत्तर देताना ‘दगडापेक्षा वीट मऊ’ ही म्हण ऐकवून मोकळे होणे मला पटत नाही. ती म्हण खरी आहे, पण मतदाराला ती नेहमी त्याची तक्रार गप्प करण्यासाठीच ऐकवली जाते. शिवाय न्यायाधीशांचा जो हुकमी युक्तिवाद प्रत्येक वेळी पुढे केला जातो, त्यावरही परंपरावादी मतदाराने डोळे झाकून विश्वास ठेवावा, असा इतिहास नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या उदारमतवादी गटात गणले गेलेले जॉन पॉल स्टीव्हन्स यांना फोर्ड यांनी नेमले होते आणि डेव्हिड सूटर यांना थोरल्या बुश यांनी. हे दोघेही रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष मवाळ समजले जात. तथापि याच दोन न्यायमूर्तींच्या जागा ओबामांच्या पहिल्या दोन वर्षांत रिकाम्या झाल्या आणि तेथे सोनिया सोटोमायोर व एलेना केगन आल्या. मॅकेन यांनी सिनेटमध्ये त्या दोघींच्याही विरुद्ध मत दिले. त्यांनी दिलेले वचन निदान त्या मर्यादेत खरे ठरले. उलट २०१७च्या जुलैमध्ये ओबामांचा आरोग्यविमा कायदा अंशतः रद्द करणारे विधेयक ४९ विरुद्ध ५१ मतांनी पडले, त्यात त्यांचे मत निर्णायक होते, आणि तेव्हा मला माझ्या यादीतल्या दोन जणांचे फोन आले की आम्ही २००८ सालीच सांगत होतो. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या आणि दोन्ही एकाच वेळी लक्षात ठेवाव्या लागतात.

मला जे सांगायचे आहे ते असे की मतपत्रिकेवरच्या नाराजीला भाषा नसते. कोरा रकाना मोजणीत केवळ ‘मत दिले नाही’ एवढाच नोंदला जातो. आपण स्थलांतराच्या विधेयकावर रागावला होता, शेजारची व्यक्ती गर्भपातावर आणि तिच्या पलीकडचा मतदार बँकांना वाचवण्यासाठी मंजूर झालेल्या सातशे अब्ज डॉलरांवर, हे कोणत्याही आकड्यात उमटत नाही. ओहायोत तर हाताने लिहिलेले नाव, त्या व्यक्तीने आधी अधिकृत नोंद केलेली नसल्यास, मोजलेही जात नाही. पक्षाचे नेते मग त्या कोऱ्या रकान्यातून आपल्याला सोयीचा अर्थ काढतात. २००८ नंतर पक्ष पुरेसा उजवा नव्हता म्हणून हरलो, असे एक गट म्हणाला आणि फारच उजवा होता म्हणून हरलो, असे दुसरा म्हणाला. दोन्ही गटांनी आपण सोडलेला कोरा रकानाच पुरावा म्हणून वापरला.

जे परंपरावादी १९७६चे उदाहरण देतात त्यांच्याशी मी याच मुद्द्यावर वाद घालतो. त्या वर्षी फोर्ड यांनी कॅन्सस सिटीच्या अधिवेशनात रोनाल्ड रेगन यांना ११८७ विरुद्ध १०७० अशा निसटत्या फरकाने हरवले, नंतर फोर्ड निवडणूक हरले आणि चार वर्षांनी रेगन आले. ओहायो तेव्हा सुमारे ११ हजार मतांनी गेले होते. यावरून मवाळ उमेदवार हरू दिला की पुढे आपला माणूस येतो, असा धडा काढला जातो. परंतु रेगन यांची ताकद नोव्हेंबरमध्ये घरी बसलेल्यांनी निर्माण केली नाही. ती वसंत ऋतूतल्या प्रायमरींत, राज्याराज्यांच्या मेळाव्यांत आणि अधिवेशनात परराष्ट्र धोरणावर फोर्ड यांना मान्य करावा लागलेल्या ठरावात तयार झाली. ॲरिझोनाचे सिनेटर आणि परंपरावाद्यांचे नेते बॅरी गोल्डवॉटर यांनी १९६० साली निक्सन यांच्यावर चिडलेल्या परंपरावाद्यांना हेच सांगितले होते की पक्ष परत हवा असेल तर मोठे व्हा आणि कामाला लागा. मॅकेन १९८७ साली सिनेटमध्ये गेले ते याच गोल्डवॉटर यांच्या जागेवर.

आणि नाराजी योग्य वेळी बोलली की काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरणही मॅकेन यांचेच आहे. २०१० साली ॲरिझोनात त्यांच्याविरुद्ध जे. डी. हेवर्थ प्रायमरीत उभे राहिले आणि स्थलांतराच्या प्रश्नावर त्यांनी मॅकेन यांना घेरले. तीनच वर्षांपूर्वी त्या विधेयकाचा किल्ला लढवणारा हा सिनेटर सीमेवर उभा राहून कुंपण पूर्ण करा, अशी जाहिरात करू लागला. २००८ मधील लाखो कोऱ्या आणि उदास मतांनी जे साधले नाही, ते ॲरिझोनातील एका प्रायमरीने काही महिन्यांत साधले. अर्थात या हत्याराला धार दोन्हीकडून असते. त्याच वर्षी डेलावेअरमध्ये नाराज मतदारांनी माइक कॅसल या मवाळ, पण हमखास निवडून येणाऱ्या उमेदवाराला प्रायमरीत पाडले आणि पक्षाने सिनेटची ती जागा जिंकण्याची संधी नोव्हेंबरमध्ये गमावली. तेथील मतदारांनी ती किंमत समजून मोजली असेल तर माझी हरकत नाही. पण प्रायमरीत मत देताना तिचा हिशेब डोळ्यांपुढे हवा.

म्हणून आपल्याला माझा सल्ला असा आहे. एखाद्या उमेदवाराला मत देणे सदसद्विवेकाला खरोखरच शक्य नसेल, तर ते देऊ नये, आणि त्याबद्दल कोणासही आपल्याला दूषण देण्याचा अधिकार नाही. मात्र आपली अडचण तत्त्वाची आहे की दुखावलेपणाची, हे आपण स्वतःशी तपासावे. मॅकेन यांच्याशी आपला मतभेद एका मोठ्या प्रश्नावर होता आणि कर, खर्च, न्यायालय यांवर तो फारसा नव्हता, असे आपल्या पत्रावरून दिसते. माझ्या अनुभवात अशा मतदाराने नोव्हेंबरमध्ये मत द्यावे, उमेदवार आणि पक्ष या दोघांनाही आपण का नाराज आहोत हे लेखी कळवावे आणि पुढच्या प्रायमरीत त्या एका प्रश्नावर उभा राहणारा उमेदवार शोधावा.

याहून उपयोगी एक गोष्ट आहे, जी आपल्या मराठी मंडळींत मी फार कमी जणांनी केलेली पाहिली. ओहायोत प्रत्येक काउंटीच्या पक्षसमितीचे सदस्य प्रायमरीच्याच मतपत्रिकेवर, आपल्या छोट्या प्रभागातून निवडले जातात. पुष्कळदा तेथे एकच उमेदवार असतो, कधी कधी एकही नसतो. ही समिती स्थानिक उमेदवारांना पाठिंबा देते, रिक्त जागांवर माणसे सुचवते आणि पुढे वर जाणारे कार्यकर्ते तिच्यातूनच घडतात. त्या जागेच्या अर्जाला लागणाऱ्या सह्या एका संध्याकाळी आपल्याच गल्लीत मिळतात. २००८च्या नोव्हेंबरमध्ये आपण काय केले हे आपण सविस्तर लिहिले आहे. ४ मार्चला आपण मतदानाला गेला होता का, हे मात्र पत्रात कुठेही नाही, आणि उत्तर पाठवाल तेव्हा मला ते जरूर कळवावे.